काचेच्या पाठीचे मासे

९ फेब्रुवारी

प्रिय सिस्टर,

मी वादळ, हे नाव तुम्हीच ठेवलेलं. खिडकीजवळची खाट, शिडीवरून पडलेली मुलगी, जेवणाचं ताट भिंतीवर फेकून मारणारी. ती भिंत तुम्हाला पुन्हा रंगवून घ्यावी लागली होती, त्यामुळे मला विसरला नसाल असा माझा अंदाज आहे.

तुमचा पत्ता वॉर्डातल्या नव्या सिस्टरांनी दिला. म्हणाल्या, "त्या निवृत्त झाल्या, आता धाकट्या बहिणीकडे असतात. फोन करू नका. त्यांना ऐकू कमी येतं आणि ते त्या कबूल करत नाहीत." म्हणून हे पत्र. बारा वर्षांत मी भेटेल त्याला तुमच्याबद्दल इतकं सांगितलंय की तुम्हालाच काही लिहिलं नाही हे ध्यानातही आलं नाही.

माझं छान चाललंय. तळमजल्यावर घर आहे. स्वयंपाकाचा ओटा चाकांच्या खुर्चीच्या उंचीला करून घेतलाय, त्यामुळे कोणी पाहुणा मदतीला आला की वाकून वाकून त्याची कंबर धरते आणि तो लवकर बाहेर जातो. बाबा महिन्याकाठी येतात आणि न बिघडलेले नळ दुरुस्त करून जातात. तुम्ही शिकवलं होतं तसं मी रोज सकाळी आरशात पाठ तपासते. बसून बसून होणारी जखम बारा वर्षांत एकदाही होऊ दिलेली नाही. हे आधी तुम्हालाच सांगायचं होतं.

आता काम. मी संशोधन करते, माशांवर. झेब्राफिश म्हणतात त्यांना. बोटाच्या पेरांएवढे, अंगावर निळे पट्टे. पण माझं काम मोठ्या माशांशी नाही, पिल्लांशी. अंड्यातून नुकतं बाहेर आलेलं पिल्लू तांदळाच्या कणीएवढं असतं आणि अगदी काचेसारखं पारदर्शक. सूक्ष्मदर्शकाखाली धरलं की हृदय उडताना दिसतं, रक्त धावताना दिसतं, आणि पाठीतून शेपटीपर्यंत गेलेला मज्जारज्जू दिसतो, एखाद्या बारीक दोऱ्यासारखा.

या माशाचा मज्जारज्जू तुटला तर तो पुन्हा जुळतो, सिस्टर. थोड्याच दिवसांत. मासा परत पोहायला लागतो. तो कसा जुळतो हे शोधायचं, तर आधी तो तुटायला हवा. पूर्वी हे बारीक सुईने करायचे. हाताने केलेला प्रत्येक काप वेगळा, कधी शेजारची शीर फुटायची, कधी स्नायू फाटायचा. मग कोणता मासा कशामुळे बरा झाला आणि कोणता कशामुळे नाही, हे कळणार कसं? म्हणून आम्ही आता लेझर वापरतो. प्रकाशाचा एक ठिपका, केसाहूनही बारीक. नेमका दोऱ्यावर पडतो, दोरा तुटतो, आजूबाजूला ओरखडा नाही. सगळ्या माशांना तीच जखम, त्याच जागी.

ते यंत्र आता लागलंय. ते चालवायचं मी. परवानग्या आल्या, सराव झाला. गेल्या आठवड्यात पहिलं पिल्लू ठिपक्याखाली होतं आणि माझं बोट बटणावर. मी ते दाबलं नाही. आमच्या प्रयोगशाळेच्या प्रमुख मॅडमना सांगितलं, फोकस नीट लागत नाहीये. फोकस उत्तम लागला होता.

इथे सगळ्यांना वाटतं की हे काम माझ्याहून जास्त कोणाला जवळचं असणार. ते खरंच आहे. म्हणूनच तर बोट अडलं. शिडीवरून पडून माझं जे झालं ते मी मुद्दाम दुसऱ्या जिवाचं करायचं? हे कोणाला विचारावं ते कळेना. बाबांना विचारलं तर ते नळ उघडून बसतील. म्हणून तुम्हाला विचारते. करू का?

तुमचं,
वादळ


२ मार्च

वादळा,

अक्षर बघून दचकू नकोस. हे धाकटीचं. माझा हात जरा आखडलाय म्हणून मी सांगते आणि ती लिहिते. मध्येच ती स्वतःचं काही घुसवेल, तिकडे दुर्लक्ष कर. (मी काहीही घुसवत नाही. – धाकटी)

तुझं पत्र तीनदा वाचून घेतलं. पहिल्यांदा धाकटी भरभर वाचत होती, दुसऱ्यांदा मी तिला ओरडले म्हणून सावकाश, आणि तिसऱ्यांदा तो पाठीचा भाग ऐकायचा होता म्हणून. बारा वर्षांत एकही जखम नाही! अगं, हे पत्र मला वॉर्डातल्या सगळ्या पोरींना ओरडून वाचून दाखवावंसं वाटतंय. आम्ही तेल लावा, कूस बदला, आरसा धरा असं घसा कोरडा करून सांगायचो. घरी गेल्यावर कोण काय करतं, आम्हाला काय कळणार? माणूस वाईटात वाईट अवस्थेत आमच्याकडे येतो, जरा सावरला की जातो. पुढचं कोणी कळवत नाही. तू कळवलंस.

आता तुझा प्रश्न. मी कोण परवानगी देणारी? पण विचारलंसच तर मलाही तीन गोष्टी विचारायच्या आहेत.

पहिली, त्यांना दुखतं का? दुसरी, नंतर त्यांच्याकडे कोण बघतं? जखम करून पिल्लू दुसऱ्याच्या हातात देणार असशील तर माझं उत्तर नाही असं आहे. तिसरी जरा जपून विचारते. हे तू तुझ्या पायांसाठी करते आहेस का? म्हणजे मासे बरे झाले की मग मी, असं? रागावू नकोस. वॉर्डात तू किती महिने छताकडे बघत म्हणायचीस, "आज हलेल." मी ते सगळं जवळून पाहिलंय. पुन्हा तिथेच जाऊन बसली असशील तर मला सांग.

एक गोष्ट तुला कधी बोलले नाही. तू आमच्याकडे आलीस तेव्हा तुझ्या माकडहाडापाशी केवढी जखम होती. ती मी रोज साफ करायचे. कंबरेखाली तुला काही जाणवत नव्हतं. नवीन पोरी म्हणायच्या, "सिस्टर, हिला कुठे कळतंय, पटपट उरका." पण तुला जाणवत नाही म्हणून मी कधी हात जड पडू दिला नाही. तुझा हात हलका राहणार असेल, तर दाब बटण.

सिस्टर


११ एप्रिल

प्रिय सिस्टर,

तुमच्या तिसऱ्या प्रश्नावर मी खूप चिडले. पत्र दोन दिवस शेल्फवर उलटं ठेवलं. मग चिडले का, याचा विचार केला. पण उत्तर ओळीने देते.

दुखत नाही. पाण्यात भूल मिसळलेली असते, पिल्लू शांत होतं. मग कोमट जेलीसारख्या पदार्थात त्याला कुशीवर निजवायचं, म्हणजे हलत नाही. मी त्या जेलीचा पहिला थेंब आधी माझ्या मनगटावर टाकून बघते. तुम्ही अंग पुसायचं पाणी तसं बघायचात. लांब्या हसतो. लांब्या म्हणजे माझ्या शेजारच्या टेबलावरचा, दाराच्या चौकटीला डोकं आपटणारा. त्याला म्हटलं, हस बाबा, माझ्या सिस्टरांची पद्धत आहे.

मी बटण दाबलं. आवाज नाही, उजेड नाही, काही नाही. पडद्यावर एक बारीकसा बुडबुडा उठला आणि विरला. दोऱ्यात फट दिसली. एवढंच. भिंत रंगवताना मी पडले तेव्हा केवढा आवाज झाला होता, शिडी, रंगाचे डबे, मुलींच्या किंकाळ्या. इथे टेबलावरचं घड्याळ तेवढं ऐकू येत होतं.

मग पिल्लाला जेलीतून सोडवून स्वच्छ पाण्यात ठेवलं. भूल उतरली. डोळे हलले, कल्ल्यापाशी पंख हलले, पुढचं अर्धं अंग वळलं. मागचं अर्धं नुसतं ओढलं गेलं. ते बशीच्या तळाशी आडवं झालं आणि पुन्हा पुन्हा पुढचे पंख मारत राहिलं. सिस्टर, मला ते माहीत होतं. ते कसं वाटतं ते मला माहीत होतं. मी खुर्ची वळवली आणि बाहेर व्हरांड्यात जाऊन बसले. लांब्या आला, काही न बोलता शेजारी जमिनीवर फतकल मारून बसला. डोकं माझ्या चाकाच्या उंचीला आलं त्याचं. थोड्या वेळाने म्हणाला, "पाणी बदलायचंय ना? चल."

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर हे: मी बघते. सगळं मीच बघते. त्यांना खाद्याच्या मागे धावता येत नाही, म्हणून उथळ बशीत ठेवते आणि खाद्य अगदी तोंडापाशी सोडते. दोन वेळा पाणी बदलते. लांब्या म्हणतो, तू यांना लाडावशील.

आणि आठवड्याच्या आत ते पोहायला लागलं. आधी शेपटीचं टोक थरथरलं. मग एक झटका, बशीच्या कडेला धडक. मग वाकडंतिकडं, मग सरळ. मी सूक्ष्मदर्शकातून पाहिलं तर दोऱ्याच्या फटीत पूल बांधलेला. आधी एका जातीच्या पेशी पलीकडे जाऊन धरतात आणि मग नसा त्यांच्या आधाराने ओलांडतात. आपल्या शरीरात तिथे घट्ट व्रण धरतो आणि नसा तिथेच अडतात. यांच्यात मात्र पूल होतो.

आता तिसरं. सगळे टाळ्या वाजवत होते, मॅडमनी माझ्या खांद्यावर हात ठेवला, आणि मला त्या कणीएवढ्या माशाचा हेवा वाटला. होय सिस्टर, या कामात मी आले ती माझ्या पायांसाठीच. पहिलं वर्षभर मी प्रत्येक लेख असा वाचायचे जणू त्यात माझी तारीख लिहिलेली असेल. ते कधी गेलं ते सांगता येणार नाही. गेलं एवढं खरं. हे माझ्या हयातीत माणसांपर्यंत येईल का, मला माहीत नाही. मॅडमनाही माहीत नाही, आणि त्या तसं सरळ सांगतात म्हणून मी त्यांच्याकडे टिकले.

पण हेवा वाटून झाल्यावर मी खाली वाकून त्या बशीकडे बराच वेळ बघत बसले. ते पोहत होतं. मी चिडले होते, तरी मला फार आनंद झाला. दोन्ही एकदम होतं का असं? तुमच्या वॉर्डात कोणी उठून चालत घरी गेलं की तुम्हाला काय वाटायचं?

तुमच्या हाताला काय झालंय? आखडला म्हणजे नेमकं काय?

वादळ


३ मे

वादळा,

होतं, दोन्ही एकदम होतं. कोणी चालत गेलं की मी दारापर्यंत सोडायला जायचे, हसायचे, आणि परत वॉर्डात वळताना तुमच्या खाटांकडे बघायचं टाळायचे. मग चहा प्यायचे. मग बघायचे.

त्या लांब्याला माझा नमस्कार सांग. योग्य वेळी गप्प बसणारी माणसं फार कमी असतात, मी उभी हयात त्यातले डॉक्टर शोधण्यात घालवली.

माझं काय, वय झालं. हात तसाच. इथे उन्हाळा फार आहे, बाहेर जावंसं वाटत नाही. पडून असते, रेडिओ ऐकते. बाकी ठीक.

सिस्टर


६ मे

वादळ यांना,

मी धाकटी. आजपर्यंत दुसऱ्याची पत्रं लिहिली, हे माझं. ताईला सांगितलेलं नाही.

हात आखडलेला नाही. थंडीच्या दिवसांत ताईला अर्धांगवायूचा झटका आला. उजवी बाजू गेली. बोलणं परत आलं, तोंड तर आधीपेक्षा जास्त चालतं. डॉक्टर म्हणाले, पायात ताकद येतेय, हात थोडा येईल, पण उठवा, बसवा, व्यायाम करून घ्या. ताई उठत नाही. व्यायाम घ्यायला बाई यायच्या, त्यांना तिने पळवून लावलं. मी काही म्हटलं की म्हणते, "मी जन्मभर लोकांना उठवलं, आता मला पडू दे." इतक्या माणसांना हिने उभं केलं, आणि आता स्वतः भिंतीकडे तोंड करून निजते. कूस बदलायला लावते तेव्हा मला शिव्या देते. मी शिंपी आहे, मला कापड वळवता येतं, माणूस कसा वळवायचा ते येत नाही.

तुमचं पत्र आलं की मात्र ती उशीला टेकून बसते. पत्र संपलं की पुन्हा आडवी. म्हणून म्हटलं, तुम्हाला कळवावं. तुम्ही मोठी पत्रं लिहा.

धाकटी


१४ मे

सिस्टर,

मला सगळं कळलंय. धाकटीताईंवर ओरडायचं नाही. ओरडायचंच असेल तर बसून ओरडा, आडवं पडून आवाज निघत नाही.

मला वाटलं होतं मी हे पत्र गोड लिहीन. तीन वेळा गोड सुरुवात केली आणि फाडली. तुम्ही माझ्याशी गोड बोलला असता तर मी आजही त्या खिडकीजवळ असते. मी ताट फेकलं त्या दिवशी तुम्ही काय म्हणाला होतात? "छान. हाताला जोर आहे. आता त्याच हाताने खाटेची दांडी धर आणि वर ये." सगळा वॉर्ड बघत होता. मी तुम्हाला इतकं वाईट बोलले की बाबांनी कान झाकले. आणि मी वर आले.

आता तुम्ही वर यायचं.

धाकटीताई, तुम्ही वाचताय ना? उजवीकडे उभ्या राहा. दुबळी बाजू ती, आधार तिकडे हवा. सिस्टर डाव्या कुशीवर वळतील, पाय खाटेवरून खाली सोडतील, डाव्या हाताने गादी दाबून स्वतःला वर ढकलतील. तुम्ही फक्त खांद्यामागे हात ठेवायचा. दुबळा हात कधीही ओढायचा नाही. त्या शिव्या देतील. देऊ देत. व्यायामाच्या बाईंना परत बोलवा आणि माझ्यातर्फे आधीच माफी मागून ठेवा.

सिस्टर, तुम्हाला वाटत असेल, आता उठून कुठे जायचंय. मलाही वाटलं होतं. तेव्हा तुम्ही मला कुठे जायचं ते सांगितलं नव्हतं, खोटी आशाही दाखवली नव्हती. डॉक्टरांचा राउंड संपल्यावर खाटेच्या कडेला बसून तुम्ही म्हणालात, "हे पाय आता चालणार नाहीत असं मला वाटतं. पण तू जाशील." बाकी सगळे मला पुढच्या महिन्यात बघू म्हणत होते. खरं बोललेल्या त्या एका वाक्यावर मी इथवर आलेय. आणि मी ते फेडू शकत नाही, कारण तुम्हाला तसं काही देण्यासारखं माझ्याकडे नाही. तुमची गोष्ट माझ्याहून बरी आहे हे मात्र खरं. तुमच्या पायात ताकद येतेय. आणि ती तुम्ही अंथरुणात वाया घालवताय.

पुढच्या महिन्यात बाबा मला गाडीने घेऊन येणार आहेत. मी आले तेव्हा तुम्ही खाटेवर आडव्या दिसलात तर मी दारातूनच परत जाईन. नाही जाणार. पण फार बोलेन.

वादळ


९ जून

(हे तिने डाव्या हाताने लिहिलंय. अक्षर लागलं नाही तर विचारा. – धाकटी)

कार्टे,

बसले. खुर्चीत. सकाळपासून.

तुला इतकं बोलायला कोणी शिकवलं? मीच, असं धाकटी म्हणते.

व्यायामाची बाई परत आली. तिचे हात जड आहेत. सांगितलं तिला.

दाराला पायऱ्या आहेत, तू येणार कशी, म्हणून शेजारच्या सुताराला फळी मारायला सांगितलीय. लवकर ये.


२ ऑगस्ट

वादळा,

हे निम्मं मी लिहिलंय, निम्मं धाकटीने. कुठे कोण ते अक्षरावरून कळेलच.

तुम्ही गेल्यावर घर फार गप्प झालं. तुझ्या बाबांनी आमचे सगळे नळ दुरुस्त केले. आता एक गळतो.

तुला एक गोष्ट सांगायची राहिली, कारण तू समोर होतीस आणि तुझ्यासमोर मला ती धड सांगता आली नसती. तू फळीवरून आलीस ना, त्या सुताराने ती जरा उभी केली होती. तुझे बाबा मागून धरायला धावले आणि तू त्यांना म्हणालीस, "थांबा." चाकांवर हात टाकलेस, खांदे पुढे घेतलेस आणि वर आलीस. मी दारात काठी धरून उभी होते. तुला वाटलं मी पाय दुखतोय म्हणून रडले. नाही गं. ते खांदे पुढे घ्यायचे मीच तुला शिकवले होते, वॉर्डाच्या मागच्या उतारावर. मी माझ्या हाताखालून गेलेलं माणूस वॉर्डाबाहेर पहिल्यांदा बघत होते. इतक्या वर्षांच्या नोकरीत पहिल्यांदा. लोकांनी मला निवृत्तीच्या दिवशी शाल दिली, फुलं दिली. पण हे मला कोणी दाखवलं नव्हतं.

आणि तो मासा. तू कॉम्प्युटरवर दाखवलास तो, आधी तळाशी पडलेला आणि मग पोहणारा. धाकटीने "अगं बाई" म्हणून टाळी वाजवली. मी तुझ्याकडे बघत होते. मला भीती होती की तुझ्या चेहऱ्यावर ते जुनं दिसेल, छताकडे बघायचीस ते. तू त्या माशाकडे बघत होतीस तशी मी माझ्या पेशंटकडे बघायचे. त्या रात्री मला झोप लागली शांत.

दुबळ्या हातात आता पेला राहतो. पाणी सांडतं, पण राहतो.

तुझे उपकार आहेत माझ्यावर. हे वाक्य धाकटी लिहायला तयार नव्हती, म्हणे आपल्या माणसाला असं लिहीत नाहीत. म्हणून मीच लिहिलं, डाव्या हाताने.

सिस्टर


२० ऑक्टोबर

प्रिय सिस्टर,

आमचा लेख स्वीकारला गेला! मॅडमनी सगळ्यांना केक आणला. लांब्याने चौकटीला डोकं आपटलं, आनंदाने.

काय सापडलं ते तुमच्या भाषेत सांगते. मज्जारज्जू तुटला की शरीरातल्या लढणाऱ्या पेशी जखमेकडे धाव घेतात, घाण साफ करायला. त्या आल्याच नाहीत तर पूल होत नाही. पण आल्या आणि काम झाल्यावरही रेंगाळल्या, तरी पूल अडतो. वेळेत येऊन वेळेत गेल्या तर नसा भराभर ओलांडतात. थोडक्यात, वॉर्डातल्या भेटायला येणाऱ्या लोकांसारखं. तुम्ही घंटा वाजवून सगळ्यांना बाहेर काढायचात ना, तशी माशाच्या अंगात कोणीतरी घंटा वाजवतं. ती कोण वाजवतं, याचा एक छोटासा धागा आम्हाला मिळालाय. छोटासाच. लेझरमुळे सगळ्यांची जखम सारखी होती, म्हणून हा फरक दिसला तरी. हाताच्या कापांत तो कधी दिसला नसता.

उद्या यातून औषध निघणार नाही. परवाही नाही. पण कोणीतरी पुढे हे वाचेल आणि आमच्यापेक्षा एक पाऊल पुढून सुरुवात करेल.

आता एक गंमत झालीय आणि ती तुम्हाला सांगायलाच हवी. लेखाच्या शेवटी आभार असतात. मी तिथे इंग्रजीत एक ओळ लिहिली होती, की हे काम करायला लागणारा हलका हात मला सिस्टरांनी शिकवला. छापणाऱ्यांच्या ऑफिसात कोणीतरी फार हुशार बसलंय. त्यांना वाटलं, 'सिस्टर'च्या आधीचा 'माय' मी घाईत गाळला. त्यांनी तो सुधारला. छापायच्या आधी तपासायला आलेल्या प्रतीत आता असं आहे, की हा हात मला 'माझ्या बहिणीने' शिकवला.

चूक कळवायला त्यांनी आठवडा दिला होता. लांब्याने आठवण केली, मॅडमनी आठवण केली. बाबा वाचून म्हणाले, "तुला बहीण कुठे आहे?" मी त्या ओळीकडे बरेच दिवस बघत राहिले.

मी काही कळवलं नाही, सिस्टर. आठवडा संपला. आता ते तसंच छापलं जाणार. सोबत ते पान पाठवतेय.

चालेल ना?

वादळ


५ नोव्हेंबर

वादळा,

इकडे भांडण लागलंय. धाकटी म्हणते, "मग मी कोण?" तिला सांगितलं, तू मधली झालीस, बढती मिळाली. ती दोन दिवस फुगली होती, आणि मग तिने ती ओळ कापून तिच्या शिवणयंत्रावर चिकटवली. येणाऱ्या प्रत्येक गिऱ्हाईकाला दाखवते. आमची सगळ्यात धाकटी शास्त्रज्ञ आहे म्हणते. ब्लाउज शिवायला टाकून बायका माशांची चौकशी करून जातात.

चालेल म्हणून काय विचारतेस? आता छापलंय ते निभवायचं. मला एवढी बोलणी ऐकवलीस, कार्टे, मी तुझी सिस्टर राहिलेय कुठे?

पण मग ते अहो-जाहो बंद कर. बहिणीला कोणी तुम्ही म्हणत नाही. बाहेरच्या लोकांनी वाचलं तर म्हणतील, यांचं पटत नाही.

काल मी बागेपर्यंत गेले. काठीने. धाकटी मागे होती, पण हात न लावता.

ताई


१८ नोव्हेंबर

ताई,

हे पत्र चौथ्यांदा लिहितेय. पहिल्या तिन्हींत कुठेतरी 'तुम्ही' घुसलं. लांब्या म्हणाला, मोठ्याने बोलून सराव कर. मग मी माशांच्या खोलीत टाक्यांसमोर खुर्ची लावून बोलत बसले. ताई, तू कशी आहेस. ताई, तू जेवलीस का. मॅडम दारात उभ्या होत्या, त्या हळूच दार ओढून गेल्या.

तू बागेपर्यंत गेलीस हे वाचून मी इतकी ओरडले की शेजारच्या खोलीतले बघायला आले. त्यांना सांगितलं, माझी बहीण चालली.

आता तू इकडे ये. दोघी या. पिल्लांची नवी तुकडी येत्या महिन्यात तयार होईल. मी तुला सूक्ष्मदर्शकातून दाखवते, दोरा जुळताना कसा दिसतो तो. स्टूल ठेवते, तुझ्या उंचीचं. धाकटीताईला सांग, मधलं असणं फार वाईट नसतं.

आमच्या इमारतीला पुढच्या दाराशी पायऱ्या नाहीत, लांबच लांब उतार आहे. माझ्यासाठी केलेला. काठीने चालायला सोपा जाईल तुला. मी खाली येऊन थांबते. तू सावकाश ये.

तुझी,
वादळ